पुढची सीट

छोटी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि ताईपेक्षा चांगली वीतभर उंच आहे, तरी घरात ती छोटीच. आणि ताई म्हणाल तर ती अख्ख्या जगाची ताई. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सत्तावीस वर्षं झाली. तिथले मोठे डॉक्टर तिला ताई म्हणतात, वॉर्डबॉय ताई म्हणतात, आणि कहर म्हणजे ऐंशीची आईसुद्धा पोटच्या पोरीला ताईच म्हणते. एकदा एखाद्या बाईला सगळ्यांनी ताई म्हटलं की तिला काही होत नसतं, असं लोक धरून चालतात. तिला ताप येत नाही, तिची कंबर धरत नाही, तिला रडू येत नाही. ताईही बावन्न वर्षं असंच धरून चालली होती.

आता बावन्नाव्या वर्षी बाईमाणसाने काय करावं याचा काही कायदा नाही. पण पावणेचार किलोमीटर पोहायचं, अंग पुसायच्या आत एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि उतरल्यावर वर बेचाळीस किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं एका दिवसात, असा आग्रह तरी कुणी धरलाय? याला ट्रायथलॉन म्हणतात. आई याला विकतचं दुखणं म्हणते. ताईला स्वतःला त्याची काडीची हौस नव्हती. हौस छोटीची, आणि छोटीला दिसत नाही, म्हणून सोबत ताई.

छोटी शाळेत गणित शिकवायची. छत्तिसाव्या वर्षी काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत सगळी संपवली. त्यानंतरचं वर्ष तिने खिडकीजवळच्या खुर्चीत काढलं. खिडकीचा तिला उपयोग नव्हता, पण पूर्वी वह्या तपासायला तिथं बसायची म्हणून आताही तिथंच बसायची. शेवटी एका रविवारी ताईने तिला दंडाला धरून पोहण्याच्या तलावावर नेलं आणि पाण्यात जवळजवळ ढकललंच. पाण्यात छोटी मोकळी झाली. पाण्याखाली कुणालाच धड दिसत नाही, असं म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली. मग पोहण्यातून पळणं निघालं, पळण्यातून सायकल निघाली, आणि तीन वर्षांत हे ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात शिरलं. दिसत नसलेल्या बाईला या स्पर्धेत उतरता येतं. फक्त बरोबर बांधून घ्यायला एक डोळस बाई लागते.

डोळे गेल्यावर दोघींनी एक ठरवलं होतं. ताई जे बघेल ते सगळं सांगेल, आणि खोटं सांगणार नाही. केस पिकलेत, तर पिकलेत. ड्रेसवर चहाचा डाग आहे, तर आहे. शिकवणीला आलेली मुलगी जांभया देतेय, तर देतेय. एकदा छोटीने विचारलं की माझे डोळे आता कसे दिसतात. ताई म्हणाली, गढूळ झालेत, आणि डावा जरा बाहेर वळलाय. छोटी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बरं झालं सांगितलंस.

आणि याच ताईने गेले तीन आठवडे एक कागद लपवून ठेवला होता.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरपाशी ती उभी असताना तिच्या छातीत काहीतरी धडपडलं, थांबलं आणि उगाच पळत सुटलं. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी ती दुपारच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर गेली आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, सहज बघा. त्यांनी सहज म्हणून ईसीजी काढला आणि मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. ठोके लयीत पडत नाहीत, झडपेचं काही असू शकेल, सगळ्या तपासण्या होईपर्यंत दमायचं नाही, जिने सावकाश चढायचे, आणि तुमचं ते पोहणं तर साफ बंद. ताई हो हो म्हणाली. खाली आली, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि लहान मुलांच्या वॉर्डच्या चादरींखाली सारून दिला, कारण त्या फडताळाला तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. स्पर्धेसाठी प्रकृती ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट लागत होतं. ते तिने दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून घेतलं. त्यांचे कोट ती पंधरा वर्षं पांढरेशुभ्र करून देत होती. ताईंना काय धाड भरलीय, असं म्हणत त्यांनी न बघता सही ठोकली.

आता हा उपद्व्याप कशासाठी? तर उंटिणीसाठी.

उंटीण म्हणजे तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई. पस्तिशीच्या, लांबच लांब हातापायांच्या, स्वतः दोनदा ही स्पर्धा पुरी केलेल्या. तोंडावर ताई त्यांना बाई म्हणायची आणि मनात उंटीण. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. तिने दोनदा भल्या मनाने सांगितलं होतं, की ताई, तुम्हाला कधी अडचण आली तर मी बसेन सायकलीवर पुढे. पण आपण घरात असताना कुणी येऊन आपल्याच खोलीचं माप घेऊन जावं, तसं ताईला ते झोंबलं. ताईचं लग्न राहूनच गेलं होतं. आधी वडिलांचं आजारपण निघालं, मग नोकरी, मग विचारणारं कुणी उरलं नाही. सत्तावीस वर्षं तिने दुसऱ्यांचे डाग काढले. स्वतःचं असं तिला जे काही मिळालं, ते या तीन वर्षांत, दोघींच्या सायकलीच्या पुढच्या सीटवर. तिथं बसली की ती कुणाची तरी नुसती मोठी बहीण नसायची. तिथं तिच्यावाचून कुणाचं तरी खरंच अडत होतं.

स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती. सोबतिणीचं नाव आणि सर्टिफिकेट सोमवारी पाठवायचं होतं. त्याआधी रविवारी सरावाचा एक मोठा दिवस करायचा दोघींनी ठरवला होता. तीन किलोमीटर पोहणं, एकशे वीस सायकल, पंधरा पळणं. तो पार पडला की नाव ताईचं जाणार. नाही पडला तर उंटिणीचं. तपासण्यांचं काय ते स्पर्धेनंतर बघू, एवढा एक दिवस रेटायचा, असं ताईने स्वतःला बजावलं होतं.

पहाटे पाचला दोघी निघाल्या. आई दारात उभी राहिली, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "एकीला दिसत नाही आणि दुसरीला कळत नाही. जा." आईचा आशीर्वाद तो, नेहमी असाच असतो.

शहराबाहेर एक मोठं तळं आहे. या काठापासून समोरच्या पंपघरापर्यंत जाऊन परत आलं की पाऊण किलोमीटर होतं. अशा चार फेऱ्या करायच्या होत्या. काठावर बाई हातात घड्याळ घेऊन हजर होत्याच. ताईने रबरी दोरीचं एक टोक स्वतःच्या मांडीला बांधलं, दुसरं छोटीच्या. मध्ये हातभर अंतर राहतं. ताई वळली की दोरी ओढली जाते आणि छोटी त्या बाजूला वळते, बोलावं लागत नाही. पाणी थंडगार होतं आणि आभाळ खाली आलेलं, करडं, त्यामुळे पंपघरसुद्धा नीट दिसत नव्हतं.

दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत पंपघरापासून वळून परत येताना, अगदी मधोमध, ताईच्या छातीतलं ते पळत सुटलं. हात ओल्या चादरींच्या गाठोड्यासारखे जड झाले. ती उताणी झाली आणि तोंड उघडून नुसती तरंगत राहिली. छोटी मागून येऊन तिच्यावर आदळली, थांबली आणि काय झालं म्हणून विचारलं. चष्म्यात पाणी गेलं, असं ताईने सांगितलं. छोटी एका हाताने दोरी धरून जागच्या जागी पाय मारत राहिली. ताईला तो वेळ फार लांब वाटला. एवढं कसं पाणी गेलं, असं छोटीने एकदा विचारलं. मग छाती जरा थाऱ्यावर आली आणि ताईने कशीबशी ती फेरी आणि चौथीही ओढून काढली.

काठावर आल्यावर बाई म्हणाल्या, की ताई, तुमचे ओठ निळे पडलेत. पाणीच गार आहे, ताई म्हणाली, आणि जरा तोडूनच म्हणाली. बाईंनी छोटीकडे बघितलं. छोटी केस पुसत होती, तिने मान वर केली नाही. तिथंच ताईला शंका यायला हवी होती. पण मांजर आपले डोळे मिटून दूध पितं, आणि ही तर समोरचीचे डोळे मिटलेत म्हणून निर्धास्त होती.

आता सायकलीचं समजून घ्यायला हवं, नाहीतर ताईने काय वेडेपणा केला ते कळायचं नाही. या सायकलीला एकामागे एक दोन सीटं आणि पायडलांच्या दोन जोड्या असतात. पुढचीकडे हँडल, ब्रेक, गिअर आणि डोळे. मागचीकडे फक्त पाय. दोन्ही पायडलं साखळीने एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एकीचे पाय फिरले की दुसरीचे फिरणारच आणि एकीचे थांबले की दुसरीचे थांबणारच. पुढून ताई ओरडून सांगते. "लाव" म्हणजे जोर लाव. "सोड" म्हणजे पाय थांबव. "उठ" म्हणजे खड्डा आहे, सीटवरून अंग उचल. आणि अधूनमधून, हे काही सरावाच्या पुस्तकात नाही, ताई रस्त्यावरचं सगळं जग सांगत सुटते. पंक्चरवाला दुकानाबाहेर आरसा टांगून दाढी करतोय. रंगाच्या कारखान्याच्या भिंतीचाच रंग उडालाय. एक लठ्ठ बाई सडपातळ कुत्र्याला पळवतेय, का कुत्रा बाईला, देव जाणे. छोटी मागे खुदुखुदु हसते आणि दहा किलोमीटर कधी सरतात ते कळत नाही.

त्या दिवशी ताई फारसं काही सांगत नव्हती. बोलायला श्वास पुरत नव्हता.

साठाव्या किलोमीटरनंतर लांबलचक चढ लागतो. ताईने "लाव" म्हटलं, स्वतःही जोर लावला आणि शंभर आकडे मोजून व्हायच्या आत छातीत पुन्हा तीच धडपड सुरू झाली. मग गेला महिनाभर ती चढावर जे करत आली होती तेच तिने केलं. जोर काढून घेतला. पाय फिरत होते, पण नुसतेच, पायडलांवर ठेवलेले. पाय तर फिरतायत, आत जोर आहे की नाही हे काय कळतंय कुणाला, असा तिचा हिशेब. कुणी बघत असतं तर पोटऱ्यांकडे बघून ओळखलं असतं, पण बघणारं कोण होतं? सत्तावीस वर्षं ताई यंत्रांमध्ये वावरली, पट्टा सैल पडला की नुसत्या आवाजावरून ओळखते. आणि एका साखळीला बांधलेल्या दोघींपैकी एकीने ओढणं सोडलं की दुसरीच्या पायांवर काय येतं, एवढं तिच्या डोक्यात आलं नाही.

सायकल चढत राहिली. हळू, पण चढत राहिली. ताईला नवल वाटलं, वारं पाठीशी असणार, आणि तिने तसं मोठ्याने सांगितलंही. असेल, छोटी म्हणाली. तिचा श्वास मागे करवतीसारखा चालला होता. चढाला कुणालाही धाप लागते, असं म्हणून ताईने तिकडे कान दिला नाही.

पंच्याऐंशी किलोमीटरला एका पेट्रोलपंपाच्या आडोशाला त्या थांबल्या. उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले, केळी खाल्ली. छोटीच्या मांड्यांचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. पेटके येतायत का, ताईने विचारलं. सकाळपासून थोडे येतायत, छोटी म्हणाली, आणि तुझं कसं? ठणठणीत, ताई म्हणाली.

मग छोटीने समोर काय आहे ते विचारलं. ताईने सांगितलं, दोन ट्रक उभे आहेत, एकाच्या खाली कुत्रं झोपलंय, पंपावरची बाई एका गाडीची काच पुसतेय आणि एकच जागा पुन्हा पुन्हा पुसतेय. छोटीने सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कशी दिसतेस आत्ता?"

ताईच्या समोरच पंपाच्या ऑफिसचं काचेचं दार होतं. त्यात राखेच्या रंगाचा चेहरा, काळवंडलेले ओठ आणि छातीवर ठेवलेला हात दिसत होता. तो हात तिने खाली घेतला.

"नेहमीसारखीच," ती म्हणाली. "केस तेवढे विस्कटलेत."

छोटीने केळ्याचं साल हातातल्या हातात दुमडलं आणि उठली. चल, म्हणाली.

एकशे एक किलोमीटरला नदीवरचा पूल आहे. पुलावर चढताना जेमतेम चढ लागतो, एरवी कळतसुद्धा नाही. तिथं सायकलीचा वेग उतरायला लागला. ताईने "लाव" म्हटलं. वेग आणखी उतरला. "लाव, छोटे," ती पुन्हा म्हणाली. मागून अगदी शांतपणे उत्तर आलं.

"आता तू लाव."

ताईने दात खाऊन पायडल दाबलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी छातीत असा हिसका बसला की हँडल गेलं, सायकल कठड्याकडे वळली आणि ताईने कसाबसा पाय टेकून ती थांबवली. छोटीही धडपडत उतरली. बाजूने एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि अख्खा पूल हादरला.

"महिना झाला, ताई," छोटी म्हणाली. "मला पायांना कळतं. आधी वाटलं तू दमलीस. मग वाटलं वय झालं तुझं. मग म्हटलं काही असेल तर सांगेल, आपलं ठरलंय. मी जोर वाढवत गेले आणि वाट बघत राहिले. आज पाण्यात वाटलं, आता सांगशील. पंपावर तर तोंड उघडून विचारलं."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे ताई लाँड्रीतल्या पोरींना उठता बसता ऐकवायची. आता तिने सगळं सांगितलं. रोलरपाशी काय झालं ते, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, कागदाच्या चार घड्या, मुलांच्या वॉर्डच्या चादरी, न बघता ठोकलेली सही. काही गाळलं नाही. सांगताना तिला वाटत होतं, छोटी ओरडेल, रडेल, मग जवळ घेईल आणि वेडी आहेस का ताई म्हणेल. छोटी कठड्याला हात लावून उभी होती आणि तिचा चेहरा नदीकडे होता.

"तळ्यात मधोमध थांबलीस तेव्हा चष्म्यात पाणी नव्हतं."

"नव्हतं."

"तिथं तुला काही झालं असतं तर?"

ताई सांगायला लागली, की काठावर बाई होत्या. छोटीने तिला पुरं बोलू दिलं नाही.

"काठ कुठं होता, ताई? तुझं प्रेत मांडीला बांधून मी कुठल्या बाजूला पोहायचं होतं?"

ताई पुलाच्या कडेला खालीच बसली. मेले तर मेले, असं तिने महिनाभरात दहा वेळा मनात म्हटलं होतं. खरं सांगायचं तर त्यात तिला थोडा थाटही वाटायचा. शेवटपर्यंत बहिणीसाठी राबली, असं लोक म्हणतील, आई रडेल, लाँड्रीत एक दिवस रोलर बंद राहील. पण त्या मनातल्या मरणात ती दरवेळी एकटी असायची. मांडीची दोरी तिला एकदाही दिसली नव्हती. ती दोरी रोज तिने स्वतःच्या हाताने बांधली होती, गाठ ओढून बघितली होती, आणि दिसत नसलेल्या बहिणीला घेऊन खोल पाण्यात शिरली होती. तिला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती. वॉर्डातून आलेली गाठोडी सोडताना नाही, कधीच नाही.

मग ताईने पोटात होतं ते बोलून टाकलं, कारण आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"बाई पुढे बसल्या की मग माझं काय राहतं, छोटे?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असं काय बोलतेस, तू माझी ताई आहेस, तुझी जागा कोण घेणार. छोटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसतही नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "बाईंना फोन कर. तूच कर."

ताईने फोन लावला. ऐकून घेताना बाईंनी एकदाही, मी म्हटलं नव्हतं का, असं म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं, रागवायला तरी जागा मिळाली असती. बाईंनी विचारलं, की आता कुठं आहात, गाडी घेऊन येते. मग जरा घुटमळत विचारलं, उद्या नाव माझं द्यायचं का? "द्या," ताई म्हणाली. आणखी एक होतं, बाई म्हणाल्या, त्यांना रस्ता कसा सांगायचा असतो ते मला येत नाही, तुम्ही शिकवाल ना? शिकवीन, ताई म्हणाली आणि फोन बंद करून पदर नसलेल्या सायकलीच्या कपड्यांत तोंड कुठं लपवावं ते न कळून तळहातात लपवून रडली. छोटी जवळ आली नाही. तिने तिला रडू दिलं.

गाडी छोटीने नको म्हणून कळवलं. या सायकलीला गाडीत जागा होत नाही, आणि घर एकोणीस किलोमीटर, रस्ता सपाट. तू फक्त हँडल धर, ती म्हणाली, मी ओढते. धरता येईल ना, खरं सांग. ताईने उठून उभं राहून बघितलं, श्वास घेऊन बघितला, दोन्ही हातांच्या मुठी आवळून बघितल्या. छाती शांत झाली होती. येईल, ती म्हणाली, आणि नाही आलं तर लगेच सांगेन.

पळण्याचा विषय कुणी काढला नाही.

निघाल्या. छोटीने मागून जोर लावला आणि ताईच्या पायाखालची पायडलं फिरायला लागली. इतके दिवस जोर काढून घेतला तरी लपवण्याच्या धास्तीने ती अंग आखडून बसायची. आता अंग सैल सोडून दिल्यावर तिला कळलं, की मागून किती जोर येतोय. प्रत्येक फेऱ्याला तिचे गुडघे वर उचलले जात होते, खाली नेले जात होते. महिनाभर छोटीने हेच केलं होतं, दोघींना ओढलं होतं, तो अख्खा चढसुद्धा, आणि वर ही पुढे बसून वारं पाठीशी आहे म्हणून सांगत होती. तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने रस्ता सांगायला सुरुवात केली. डावीकडे वाळू सांडलीय. पुढे बस थांबलीय, बायका उतरतायत, सोड. आता लाव. दुपार टळली होती तरी उजेड सकाळसारखाच करडा होता. मागून उत्तर येत नव्हतं, हसणंही नाही, नुसता श्वास. रंगाच्या कारखान्यापाशी जरासा चढ आला आणि छोटीचा श्वास जड झाला. ताईला ते ऐकवेना. एवढ्याशाने काय होतंय, म्हणून तिने न बोलता, अगदी बोटाने दाबावं तेवढाच, पायडलावर जोर दिला.

"ताई," मागून छोटी म्हणाली.

ताईने पाय सैल सोडला. पुढे उजवीकडे वळण होतं, ते तिने सांगितलं.